मूर्तीखालची पाटी

आमच्या संग्रहालयावर संशोधन करायला डोणगावची एक विद्यार्थिनी महिनाभर येत होती. वस्तूंकडे ती फारशी बघायचीच नाही. घड्याळ घेऊन कोपऱ्यात बसायची आणि कोण कशापुढे किती वेळ थांबतं ते वहीत टिपायची. माहिती सांगणाऱ्या नव्या काळ्या डिजिटल पडद्यांपुढे लोक केस नीट करतात, हा तिचा मोठा शोध. मी तिथला निवृत्त अधिकारी, न विचारताही माहिती द्यायचो. ती फक्त "हाव का?" म्हणायची.

एका मूर्तीची पाटी मीच लिहिली होती: 'पाटलांना शेतात सापडली.' पाटील शेतात गेले ते फोटोपुरते. नांगर त्यांच्याकडे सालाने राबणाऱ्या किसन नावाच्या सालदाराच्या हातात होता. आता नवा पडदा माझंच खोटं गोड आवाजात सांगतो.

"काका, सापडली कोणाले?"

"पाटलांना."

"हाव का? मंग या मूर्तीपुढं आले की तुम्ही काऊन चष्मा पुसता? सात वेळा लिहिलं मी."

मी किसनचं नाव सांगितलं. तिने कोरा कागद पुढे केला.

"तुम्हीच लिहा. पहिली पाटी तुमच्याच हातची हाये ना?"

'किसन सालदाराला सापडली.' तीन शब्दांना मला तीस वर्षं लागली. तिने मात्र तेव्हा घड्याळाकडे बघितलं नाही.