गुडघेसाहेबांची खुर्ची

आमच्या गल्लीत त्याला सगळे गुडघेसाहेब म्हणत. बुटांच्या मोठ्या दुकानात तो विक्रेता होता, आणि गिऱ्हाइकांपुढे बसून बसून त्याच्या पँटी गुडघ्यांवर चकाकत. नाव मीच ठेवलं होतं. त्याला ते आवडलं, यावरूनच माणूस ओळखा.

आपल्या कामावर इतका खूश प्राणी मी दुसरा पाहिला नाही. संध्याकाळी घरी आला की शर्टाची बटणं काढता काढताच सुरू.

"आज कारखानदारसाहेब आले होते. डावा पाय जरा मोठा. मला म्हणाले, तुमच्या हातात जादू आहे."

"आणि तुमच्या तोंडाकडे बघितलं का त्यांनी?" बायको विचारी.

"मी तरी त्यांच्या कुठे बघतो? पायावरून माणूस कळतो."

हे मात्र खरं. सारा जन्म मान खाली घालून काढलेला. गिऱ्हाइकांचे चेहरे त्याला ठाऊकच नव्हते. रस्त्यात कुणी भेटलं तर आधी बूट बघे आणि मग नमस्कार करी. "आमच्या भेगा पडलेल्या टाचा कधी दिसल्या नाहीत ह्यांना," असं त्याची बायको माझ्या बायकोला सांगे. पण ती दुकानातून बूट घेणारी नव्हती ना!

मुलगा शिकला, एका कंपनीत चढला, काचेच्या केबिनमध्ये बसला आणि रोज कुरकुरू लागला. खुर्ची लहान, वरचा साहेब नालायक, कॉफी गार. बापाला त्याचंही कौतुक. "मोठ्या कामाला कुरकुर शोभते," म्हणे, "आपल्याला कुठून परवडणार?"

पुढे ह्या पोराचं लग्न जुळू लागलं. मुलगी त्याच्याच कंपनीतली, तिचे वडील कारखान्याचे मालक. घरच्या दोन खोल्या दिसायला नकोत म्हणून पोरानं भेट हॉटेलात ठेवली. वडील 'बुटांच्या व्यापारात' आहेत, असं आधीच सांगून ठेवलेलं. माझ्याकडे बरा कोट होता, म्हणून मला काका करून नेलं.

हॉटेलच्या दारातच पोरानं बापाचा दंड धरला. "बाबा, एकच सांगतो. खुर्चीवरून उठायचं नाही. काही झालं तरी. माझ्या लग्नाचा प्रश्न आहे."

"अरे, मी काय लहान आहे?"

"लहान असतात तर बांधून ठेवलं असतं."

व्याही आले ते किंचित लंगडतच, मागून विहीणबाई आणि मुलगी. नमस्कार झाले, चहा आला. टेबल काचेचं होतं, तिथेच घात झाला. गुडघेसाहेबांची नजर काचेतून जी खाली गेली ती वर येईना. व्याह्यांचा बूट नवा कोरा, नाडी आवळलेली, डावा पाय आत घुसमटलेला.

"अहो, वर बघा," बायको कुजबुजली.

"व्यापार काय म्हणतोय?" व्याह्यांनी विचारलं.

"उत्तम!" बापाच्या आधी पोरगा बोलला.

बापाच्या कपाळावर घाम फुटला होता. दोन्ही हातांनी त्यानं खुर्ची अशी धरली होती, जणू ती चालत्या गाडीत आहे. मला मजा येत होती, खोटं कशाला बोलू?

"समाधान म्हणून नाही हो हल्ली माणसांना," व्याही पोराला सांगू लागले. "पगार वाढवा, केबिन द्या, तोंड वाकडंच..." बोलता बोलता त्यांनी पाय हलवला आणि ओठ आवळले.

संपलं. गुडघेसाहेब खुर्चीवरून घसरले ते थेट त्यांच्या पायाशी. "दाबतोय ना, साहेब?"

आणि व्याह्यांनी, खाली न बघता, पाय उचलून त्याच्या गुडघ्यावर ठेवला. बोलणंसुद्धा थांबवलं नाही! नाडी सुटली, टाच मोकळी झाली, तेव्हा कुठे ते दचकले.

"अरेच्चा! हा हात तर ओळखीचा आहे. आपल्या दुकानातले ना तुम्ही?"

विहीणबाईंनी कप खाली ठेवला. पोरगा पांढराफटक. मी मनात म्हटलं, मोडलं लग्न.

पण व्याही पोट धरून हसले. "हे तुमचे वडील? वा! अहो, असा समाधानी माणूस माझ्या अख्ख्या कारखान्यात नाही. आपल्याला घर पसंत!" मग त्यांनी उजवा पाय पुढे केला. "चला जावईबापू, हा तुम्ही बघा. वडिलांचा गुण किती उतरलाय ते कळू दे."

आवाज थट्टेचा होता. पाय मात्र मागे गेला नाही.

पोरानं मुलीकडे पाहिलं.

"कर ना रे," ती लाडानं म्हणाली, "पप्पांना आवडतं."

पोरगा उठला. ह्या भेटीसाठी शिवलेल्या सुटासकट खाली बसला.

"आधी नाडी सैल कर," बाप शेजारून सांगू लागला. "टाच धर. ओढू नकोस. शाब्बास!" आणि व्याह्यांच्या बुटांकडे बघत म्हणाला, "शिकवलेलं नाही हो साहेब, रक्तातच आहे."

त्याचा चेहरा इतका फुललेला मी जन्मात पाहिला नव्हता. उठताना त्यानं पोराच्या पँटचे गुडघे हातानं हळूच झटकले.

"नवी आहे," मला डोळा मारत म्हणाला, "चकाकायला वेळ लागेल."