देवाच्या पिंपावरचा अंगठा

आधी तो चहा खाली ठेवा. ऐकता ऐकता नाकातून आला तर मला बोलू नका! मी असा काही दिवा लावलाय की अजून लांज्याकडचं कुणी ओळखीचं दिसलं की मी रस्ता बदलतो.

मी रत्नागिरीत फॉरेन्सिक लॅबमध्ये टेक्निशियन. गावाकडच्यांना वाटतं, खुनी आम्हीच पकडतो. कसले खुनी घेऊन बसलात! सीलबंद बाटल्या उघडायच्या, कुणाचं रक्त, कुणाचं जठर, नमुने तयार करून साहेबांपुढे ठेवायचे. हात स्थिर पाहिजे, नाक मेलेलं पाहिजे. लग्नाच्या बोलणीत एका मुलीच्या बापाने विचारलं, "पगार ठीक आहे हो, पण वरचं काय?" म्हटलं, "काका, आमच्याकडे येतं ते सगळं आतलं!" ते स्थळ तिथेच मोडलं.

तर लांज्याजवळ माझ्या मामाची आंब्याची बाग. तिथे राखणीला दिलबहादूर, नेपाळचा, वानरांसाठी कायम गलोल हातात. इतकी वर्षं आहे की मामीच्या हातची कुळथाची पिठी मिळाली नाही तर रुसतो. बागेतलं एक कलम देवाचं. त्याचे पहिले पाच हापूस ग्रामदेवतेला जातात. ते माजघरात, घरच्या आंब्यांच्या पिंपाशेजारी, वेगळ्या स्टीलच्या पिंपात, गवतात पिकत घालायचे. पिंप घासूनपुसून ठेवलं की मामाशिवाय कुणी हात लावायचा नाही, तोही धुतलेल्या फडक्यानेच. सोवळं म्हणजे सोवळं!

एका रविवारी मी मामाकडे गेलो आणि बघतो तो पडवीत मामा डोक्याला हात लावून बसलेला, अंगणात दिलबहादूर आपलं बोचकं बांधून उभा, आणि मामी पदराने डोळे पुसतेय.

"काय झालं?"

"देवाचे आंबे चोरले रे मेल्याने! झाकण काढतो तर आत नुसतं गवत!"

"मालक, मी नाय खाल्ला! आईची शपथ!"

मामाने देवळात नारळ देऊन गुरवाकरवी कौलसुद्धा लावला होता. घरातल्यानेच नेले काय, विचारलं. उजवीकडचं फूल पडलं. म्हणजे हो!

"पण हा कुठे घरातला?" मी म्हटलं.

"इतकी वर्षं घरात जेवतो, मग कोण शेजारचा काय? उद्याच्या गाडीत बसवतो याला."

दिलबहादूर रडायलाच लागला. ऐन मोसमात हाकललेल्या राखणदाराला दुसरा कोण बागायतदार दारात उभा करणार? आणि माझ्या अंगात आलं हो! म्हटलं, "थांब मामा. फुलावर माणूस हाकलू नकोस. मी शास्त्राने चोर काढतो!"

आता खरं सांगायचं तर बोटांचे ठसे हा आमच्या लॅबचा प्रांतच नव्हे. पण कॉलेजात शिकलो होतो, पावडर आणि ब्रश बॅगेत असायचाच. आणि गुन्ह्याची जागा कसली, बघा! सोवळ्यातलं पिंप, वर दुसऱ्या कुणाचा हात नाही. अशी जागा पोलिसांच्या नशिबीसुद्धा नसते.

पिंप फडक्याने धरून उजेडात घेतलं. ब्रश हलकेच फिरवला. कोऱ्या पत्र्यावर आधी काही नाही... आणि मग एक रेघ, तिच्या शेजारी दुसरी, आणि बघता बघता अख्खा अंगठा उमटला! खरं सांगतो, कितीही वेळा बघा, अंगावर काटा येतो. माणूस निघून जातो, पण मागे असं काही ठेवून जातो, जे जगात दुसऱ्या कुणाचंच नसतं. मामीने तर चक्क हात जोडले. मामा कुजबुजला, "अरे, हा तर साक्षात्कारच!"

मग सगळ्यांचे ठसे घ्यायचे ठरले. मामी मागे सरकली. "अंगठा नाय देणार हां मी! जमीन कुणाच्या नावावर जायची नाय ना?"

"अगो, हा आपला भाचा!" मामा म्हणाला.

"म्हणूनच विचारतेय!"

शेवटी तिची भीती घालवायला पहिला अंगठा मीच दिला. मग मामा, मामी, दिलबहादूर. भिंग लावलं. मामा? नाही. मामी? नाही. दिलबहादूर? अजिबात नाही! गड्याने असा श्वास सोडला, की माझी छाती फुगली.

"मग कोण?" मामा म्हणाला.

कागदावर उरला होता एकच अंगठा. सहज भिंग त्याच्यावर नेलं. रेघ न् रेघ तीच. मी डोळे चोळले. परत बघितलं. तीच!

गेल्या रविवारी मामी चुलीकडून ओरडली होती, "डावीकडच्या पिंपातले चार-पाच ने रे!" ती आतून सांगत होती, मी पडवीतून आत शिरलो होतो. तिचं डावं ते माझं उजवं! देवाचे पाचही हापूस मी रत्नागिरीत नेऊन लॅबच्या लोकांना चारले. साहेबांनी तर कोयसुद्धा चोखली.

आमच्या धंद्यातला पहिला धडा काय माहितीये? आधी स्वतःचा ठसा बाजूला काढा!

सांगितलं हो सगळ्यांना. सांगणार नाही तर काय करणार? मामाने आधी देवळाच्या दिशेने हात जोडले. "घरातलाच! देव बोलला तसंच झालं!" देवाने बिचाऱ्याने नाव न घेता माझी अब्रू झाकली होती, ती मीच पावडर लावून उघडी केली.

मामी म्हणाली, "गुरवाने एका नारळात सांगितलं. मग तुला सरकार दर महिन्याला पगार कशाचा देतं रे?"

मामा उठला, दिलबहादूरचं बोचकं स्वतःच्या हाताने सोडलं. "चुकलो रे बाबा," म्हणाला आणि काढून घेतलेली गलोल परत त्याच्या हातात दिली.

"बागेत वानर आला, तर गलोल मार," मामा माझ्याकडे बघत म्हणाला, "आणि भाचा आला, तर आधी मला हाक मार!"