डाव्या हाताची पोरं

"तू डावा," बाई म्हणाल्या आणि पुढच्या बाकाकडे वळल्या.

सहावीचा वर्ग. दुसऱ्या दिवशी तपासणीला साहेब येणार होते. बाई बाकांमधून फिरत होत्या आणि हातातला खडू एकेकाच्या डोक्यावर रोखून सांगत होत्या. तू उजवा. तूही उजवा. तू डावा. साहेबांनी प्रश्न विचारला की वर्गातल्या प्रत्येकाचा हात वर गेला पाहिजे. ज्याला उत्तर येतं त्यानं उजवा हात करायचा, येत नाही त्यानं डावा. बाई फक्त उजव्या हातांतून एकाला उठवणार. साहेबांना वाटणार, काय हुशार वर्ग आहे.

पण कुणाला उत्तर येतं, हे प्रश्नाच्या आदल्या दिवशीच ठरलं होतं. स्टेशनजवळच्या फ्लॅटमधली आणि गिरीज-सांडोरच्या बागायती वाड्यांमधली बहुतेक मुलं उजवी. मिठागरावरची आम्ही सात जणं. सातही डावी. आमची परीक्षा घेऊन काही कुणी पाहिलं नव्हतं. आमच्या टाचा फुटलेल्या असायच्या, बूट चिखलात रुतायचे म्हणून आम्ही चपला घालून यायचो, आणि मीठ ओढायच्या दिवसांत निम्मे दिवस यायचोच नाही. बाईंना तेवढं पुरेसं होतं.

मला वाईट वाटलं नाही, हे आधी सांगून टाकते. उलट सुटल्यासारखं वाटलं. हात वर करायचा आणि तरी कुणी उठवणार नाही, याहून सुख ते काय? घरी येऊन आईला सांगितलं. आई तेव्हा मिठागरावर कामाला होती, पाय तेलात चोळत बसली होती. ती म्हणाली, "बरंच हाय ना. हात वर कर नं गप बस. आपल्याला कोन इचारतंय? हात दाखवून अवलक्षन कशाला?"

दुसऱ्या दिवशी साहेब आले. खुर्चीत बसले, चहा घेतला, पुस्तक चाळलं. मग विचारलं, "मीठ कसं तयार होतं?"

माझा उजवा हात वर गेला. मी केला नाही, तो गेला. मला येत होतं हो. भरतीचं पाणी कधी आत घ्यायचं, एका वाफ्यातून दुसऱ्यात कसं सोडायचं, पाण्यावर पांढरी साय धरली की फळीनं मीठ कसं हलक्या हातानं ओढायचं, अवकाळी पावसाची एक सर आली की महिन्याची मेहनत कशी विरघळते. त्याच आठवड्यात सकाळी आईबरोबर मीठ ओढून मी शाळेत आले होते. पुस्तकातला एकच धडा माझ्या घरातला होता, आणि साहेबांनी नेमका तोच विचारला होता.

बाई माझ्या बाकापाशी आल्या. साहेबांकडे बघून हसत होत्या. हसता हसता त्यांनी माझं मनगट धरलं, उजवा हात खाली बाकावर ठेवला, आणि कोपराला धरून डावा वर केला. जोरात नाही. साहेबांना वाटलं असेल, पोरीला नीट बसवताहेत.

मग उठली सुप्रिया. पहिल्या बाकावरची, फ्लॅटमधली, वर्गात नेहमी पहिली. "समुद्राचे पाणी आटवून मीठ तयार करतात." साहेब म्हणाले, "शाब्बास." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. आज त्या टाळ्यांचीच मला सगळ्यात जास्त लाज वाटते.

साहेब गेल्यावर बाईंनी मला जवळ बोलावलं. "तुला सांगितलं होतं ना? तोंडघशी पाडलं असतंस मला." मी म्हणाले, "चुकलं बाई." मला उत्तर येत होतं, म्हणून मी माफी मागितली.

त्यानंतर मी कधी उजवा हात केला नाही. दरवर्षी कुणी ना कुणी तपासायला यायचं, आणि मी सरळ डावा हात वर करायचे. पुढं पुढं तर कुणी सांगावंही लागेना. गणितात अपूर्णांक आला, इंग्रजीत काळ आले, सगळं डोक्यावरून गेलं आणि मी डावा हात करून पुढच्या वर्गात गेले. दहावी काठावर सुटले. शाळा सोडल्याचा दाखला मिळाला, त्यावर दोन रकाने. प्रगती: समाधानकारक. वर्तणूक: चांगली. आईनं तो दाखला देवाच्या फोटोमागं ठेवला. आमच्या घरातला पहिला दाखला होता तो. आणि बाईंवर माझा जीव होता, हेही खरं आहे. रस्त्यात भेटल्या की मी वाकून नमस्कार करायचे. मला वाटायचं, या बाईनं आपली लाज झाकली.

लोक म्हणतात, शाळेत शिकलेलं पुढं आयुष्यात कामाला येत नाही. साफ खोटं. माझ्या तर फार कामाला आलं.

लग्न झालं, मुलगी झाली, आणि मी वसई पूर्वेला एका गाळ्यात कामाला लागले. कपाटाच्या बिजागऱ्या बनतात तिथं. आधी पॅकिंगला होते, मग प्रेसवर घेतलं. लोखंडी पट्टी साच्याखाली सरकवायची, बटण दाबायचं, वरून ठोका पडतो आणि पट्टीला आकार येतो. दिवसभर तेच. ऑफिसात एचआर म्हणून कोण, तर सुप्रिया. पहिल्या दिवशी जिन्यात भेटली तेव्हा "अगं, तू?" म्हणाली आणि हात धरला. दुसऱ्या दिवशी सगळ्यांसमोर मला "ताई" म्हणाली. सगळ्या कामगार बायकांना ती ताईच म्हणायची. मला कळलं, आपण कुठं उभं राहायचं ते.

प्रेसवर गेल्यावर आठवड्याभरात ट्रेनिंग झालं. मोठ्या कंपनीचे लोक गाळा बघायला येणार होते, त्यांना ट्रेनिंग झाल्याचा पुरावा लागतो. इस्त्रीच्या शर्टातला एक मुलगा आला. त्यानं भिंतीवर चित्रं दाखवली आणि हिंदी-इंग्रजीत भराभर बोलला. पंधरा मिनिटं झाली नसतील. "टू हँड कंट्रोल, टू हँड कंट्रोल" असं तो तीन-चारदा म्हणाला. मला वाटलं, हे मशीनचं नाव असेल. शेवटी म्हणाला, "सब समझ गये? हाथ ऊपर." आम्ही सतरा बायका. सतरा हात वर गेले. सुप्रियानं मोबाइलवर फोटो काढला.

आमच्या प्रेसला दोन बटणं होती. एक उजवीकडे, एक डावीकडे. दोन्ही एकदम दाबल्याशिवाय ठोका पडायचा नाही. त्यात वेळ जातो म्हणून सुपरवायझरनं डावं बटण चिकटपट्टीनं दाबून ठेवलं होतं. म्हणजे उजव्या हातानं बटण दाबायचं आणि डाव्यानं पट्टी सरकवत राहायचं, काम दुपटीनं होतं. दोन बटणं कशाला असतात, असं मला कुणी विचारलं असतं तर मी सांगितलं असतं, एक बिघडलं तर दुसरं असावं म्हणून. खरंच मला तसंच वाटायचं. ठोका पडताना दोन्ही हात बाहेर अडकलेले असावेत म्हणून दोन बटणं असतात, हे मला सरकारी दवाखान्यात कळलं. शेजारच्या खाटेवर एक म्हातारा कामगार होता, त्यानं सांगितलं.

पट्टी तिरकी बसली होती. मी ती डाव्या हातानं सरळ करत होते आणि उजवा हात सवयीनं बटणावर गेला होता. डाव्या हाताची दोन बोटं गेली. अंगठ्याशेजारची दोन.

मला रिक्षात घालून नेलं आणि इकडे तासाभरात बटणावरची चिकटपट्टी निघाली. हे मला नंतर शेजारच्या प्रेसवरच्या बाईनं सांगितलं. सांगताना ती रडत होती, आणि माझं नाव घेऊ नको असंही म्हणत होती.

पंधरा दिवसांनी ऑफिसात बोलावलं. शेठ, सुपरवायझर, सुप्रिया. टेबलावर एक टाइप केलेला कागद. मी सही करायची आणि पॅकिंगला परत यायचं. मी कागद वाचायला घेतला. अक्षराखाली बोट धरूनच मला वाचता येतं. शेठ घड्याळ बघत होते. "मला प्रशिक्षण देण्यात आले होते व ते मला पूर्णपणे समजले होते. सदर अपघात माझ्या निष्काळजीपणामुळे झाला."

मी म्हणाले, "मला नव्हतं समजलं."

सुपरवायझर हसला. त्यानं लॅपटॉप माझ्याकडे वळवला. "मग हा हात कुणाचा?"

तोच फोटो. सतरा हात. सोळा उजवे, एक डावा. समजलं त्या सोळा जणींनाही नव्हतं, पण त्या माझ्या शाळेत शिकल्या नव्हत्या. माझा डावा हात सरळ वर गेलेला, पाची बोटं धड. मी सुप्रियाकडे बघितलं. सगळ्या गाळ्यात तो हात वाचता येणारं एकच माणूस होतं. तिला कळलं होतं. तिचे कान लाल झाले. मला वाटलं, आता बोलेल. तिनं पेनाचं टोपण काढलं आणि परत लावलं.

मी चार दिवस मागून घेतले आणि बाईंकडे गेले.

बाई निर्मळला राहतात. निवृत्त झाल्यात. अंगणात सोनचाफा, मागं केळी. त्यांना माझं नाव आठवेना, बाक आठवला. "मिठागरावरची ना? गुणी होतीस गं. तुझा कधी त्रास म्हणून नव्हता." मग त्यांचं लक्ष माझ्या हाताच्या बँडेजकडे गेलं आणि त्या "अरे देवा" म्हणाल्या. मी सगळं सांगितलं. म्हणाले, "बाई, एवढंच लिहून द्या. आमच्या शाळेत डावा हात म्हणजे येत नाही, असं होतं."

बाई म्हणाल्या, "अगं, तुमची लाज राखायला केलं ते. साहेबांनी उभं केलं असतं तर चारचौघांत काय झालं असतं?"

"मला त्या दिवशी येत होतं, बाई."

त्यांना तो दिवस आठवत नव्हता.

"आणि येत नव्हतं तेव्हा शिकवलं असतंत तर?"

"साठ पोरं होती वर्गात. कुणाकुणाला बघू? आणि असं लिहून दिलं तर शाळेचं नाव येईल. नको बाई, या वयात नको."

उठले तेव्हा त्यांनी केळ्यांची फणी हातात दिली, मुलीसाठी म्हणून. फाटकापर्यंत आले, परत फिरले आणि ती फणी त्यांच्या ओट्यावर ठेवली. नमस्कार केला नाही. पहिल्यांदाच.

रस्ताभर मी चिडून चालत होते. माझी दोन बोटं प्रेसनं घेतली, ती एका क्षणात. या बाईनं पाच वर्षं नीट सावकाश मला त्या प्रेससाठी तयार केलं होतं. कळलं नाही तरी हात वर करायचा, ही एक गोष्ट शाळेनं मला अशी शिकवली की मी ती झोपेतही विसरले नसते. बाकीचं सगळं शिकवायचं राहून गेलं. आणि मी त्यांचे पाय धरत होते.

चार दिवसांनी ऑफिसात कागद पुन्हा समोर आला. मी पेन उचललं नाही. शेठना सरळ सांगितलं, आमच्या शाळेत येत नसेल तर डावा हात करायची पद्धत होती. मला समजलं नव्हतं म्हणून डावा हात वर आहे.

सुपरवायझर म्हणाला, "असं कुठं असतं होय?"

मी म्हणाले, "सुप्रियाला विचारा. माझ्याच वर्गात होती. उजवी होती ती."

शेठनी तिच्याकडे बघितलं. सुप्रिया कागदाकडे बघून म्हणाली, "ताई, हात तर वर आहे ना?"

मी कागद उलटा करून ठेवला आणि बाहेर आले. पॅकिंगची नोकरी गेली. आई म्हणाली, "सही करून टाकायची होती. मोठ्यांशी कोन लढतंय?" मी आईला पहिल्यांदा उलट बोलले. म्हणाले, "तू मला गप बस म्हणालीस, बाईंनी गप बसवलं, आणि मी बसले. आता बोटं कुठनं आणू?" देवाच्या फोटोमागचा दाखला मी काढून घेतला.

कामगारांच्या सरकारी कार्यालयात अर्ज दिला आहे. माझ्या हातानं लिहिलेला, तीन दिवस लागले. शुद्धलेखनाच्या चुका आहेत. शाळा कोणती ते कळावं म्हणून दाखला मागं जोडला आहे. सुनावणीच्या पहिल्या तारखेला तिथल्या साहेबांनी विचारलं, "प्रेसला दोन बटणं का असतात, हे अपघाताच्या आधी तुम्हाला माहीत होतं?" समोर शेठ आणि सुप्रिया बसले होते. अंगात जुनी सवय एकदा उठली, खांद्यापर्यंत आली. मी दोन्ही हात मांडीवर दाबून ठेवले.

"नाही," मी म्हणाले. "मला माहीत नव्हतं. मला कुणी शिकवलं नव्हतं." एवढ्या मोठ्यानं की बाहेरच्या बाकावरची माणसं वळून बघायला लागली.

पुढच्या तारखेला शेठ पुरावा म्हणून तो फोटो आणणार आहेत. आणू देत. मोठा करून आणायला लावा, असं मीच साहेबांना सांगून आले आहे. सोळा उजवे आणि एक डावा, नीट दिसला पाहिजे. आणि त्या डाव्या हाताला साहेब प्रश्न विचारेपर्यंत मी तिथून उठणार नाही.