यसावतीची समाधी

आमच्या दुनुमालेच्या विहारात पोयाच्या दिवशी, म्हणजे पौर्णिमेला, आठ शीलं घ्यायला जेवढ्या बायका येतात, तेवढ्यांच्या घरची हालहवाल मला ठाऊक असते. खोटं बोलणार नाही असं सकाळी हात जोडून म्हणायचं असतं. दुसऱ्याच्या घरातलं खरं बोलणार नाही, असं कुणी म्हणवून घेत नाही. पण यसावतीला समाधी लागते ही बातमी मी पसरवलेली नाही. ती रूपसिंघे टीचरची. शाळेतून निवृत्त झाल्यापासून त्यांना हजेरी घ्यायला दुसरं कुणी उरलं नाही, म्हणून त्या आमची घेतात.

यसावती माझ्या शेजारची. तांदळाच्या शेवया करून वेलिगमच्या हॉटेलांना पुरवते. कोंबड्याच्या आधी उठायचं, पीठ मळायचं, सोऱ्यातून वेताच्या चकत्यांवर शेवया पाडायच्या आणि वाफवायच्या. घरात सासू अंथरुणाला खिळलेली. ती दिवसभर निवांत घोरते आणि अंधार पडला की "दूवे, पोरी, पाणी. दूवे, कूस बदलून दे. दूवे, तू आहेस ना?" नवरा होता तो ताडी पिऊन दारात पडायचा. तो गेला तेव्हा आम्ही रडलो. ही म्हणाली, "तेवढं एक माणूस उचलायचं कमी झालं." तेही दमलेल्या आवाजात, म्हणून कुणी हसलं नाही. मी जरा हसले.

महिन्यातला पोयाचा एक दिवस तिचा. त्या दिवशी हिची सून येऊन म्हातारीकडे बघते, ही पांढरी साडी नेसून विहारात येते. दुपारचं दान, म्हणजे जेवण, उरकलं की आम्ही चटयांवर श्वासाकडे लक्ष लावून बसतो. माझं लक्ष कुठे असतं ते विचारू नका. बाकीच्या खाजवतात, खोकतात, पाय बदलतात. यसावती मात्र पुतळा. पाठ ताठ, मान सरळ, चेहरा शांत.

झोपलेली असते हो. वाफेसमोर स्टुलावर बसल्याबसल्या झोपायची तिला वर्षानुवर्षांची सवय. मान पडली तर तोंड भाजेल, म्हणून मान पडत नाही.

टीचरनी एकदा तिच्यासमोर हात हलवून पाहिला. पापणी लवली नाही. झालं! दुसऱ्या पोयाला बायका तिच्या पाया पडायला लागल्या.

"अगं, मी झोपते गं," यसावती म्हणाली.

"बघा," टीचर सगळ्यांना म्हणाल्या, "ज्याला मिळतं तो असंच बोलतो."

"टीचर, खरंच झोपते. शप्पथ."

"किती ही नम्रता!"

जितकं नाकारावं तितकं ते घट्ट व्हायला लागलं. शेवटी टीचरनी जाहीर केलं, पुढच्या पोयाला यसावती पुढे बसून ध्यान सांगणार.

परतताना ती झपझप पुढे चालत होती. कुंपणाशी आल्यावर म्हणाली, "अक्के, मी आता विहारात येणार नाही."

"का गं? आत्ता कुठे भाव आला तुला!"

"थट्टा नको. सकाळी खोटं बोलणार नाही म्हणते आणि दुपारी बसल्याजागी खोटी ठरते. इतकी वर्षं झाली, मला अजून एक श्वास आत आलेला आणि बाहेर गेलेला पुरता दिसला नाही. एक! त्यापेक्षा घरी जाऊन आडवी पडते."

ती थट्टा करत नव्हती. पोयाचा दिवस सोडला तर या बाईकडे स्वतःचं असं उरतं काय? मी म्हटलं, विहारातल्या थोरल्या हामुदुरूंना, भन्तेजींना विचार, मग सोड.

दोन दिवसांनी ती विड्याची पानं घेऊन त्यांच्याकडे गेली. मी सोबत होते. कुणी बाहेर थांब म्हणालं नाही, मीही थांबले नाही. म्हातारे भिक्खू गुडघ्याला तेल लावून खुर्चीत बसले होते. यसावतीने नमस्कार करून सगळं सांगितलं.

"झोप लागते. मग?" त्यांनी विचारलं.

"मग जाग येते, हामुदुरुवने."

"जाग आली की काय करता?"

"काय करणार? पुन्हा श्वास शोधते."

"मग?"

"पुन्हा झोपते."

"मग?"

"पुन्हा जाग येते, पुन्हा शोधते. हे काय ध्यान झालं?"

ते बराच वेळ गुडघा चोळत राहिले. मला वाटलं, यांनाच डुलकी लागली.

"प्रवचन देता देता माझाही डोळा लागतो," ते म्हणाले. "जाग आल्यावर मी आधी बघतो, कुणी पाहिलं तर नाही ना. तुम्ही आधी श्वास शोधता. उपासिकाम्मा, ते सोडू नका. आणि दान झाल्यावर घटकाभर दानशाळेत झोपून घ्या. थकलेल्या माणसाने झोपावं. त्यात पाप नाही."

"आणि ते पुढे बसायचं?"

"जे खरंच करता, तेवढंच सांगा."

पुढच्या पोयाला जेवणं झाल्यावर यसावती दानशाळेत तांदळाच्या पोत्यांना टेकून झोपली. टीचर दाराशी उभ्या राहून सगळ्यांना बोटाने गप्प करत होत्या, "तयारी चाललीय."

मग ती येऊन पुढे बसली. गालावर पोत्याची नक्षी उमटलेली. म्हणाली, "मी झोपते, हे मी सांगत होते ते खरंच आहे. तुम्हालाही झोप आली तर येऊ दे. जाग आली की स्वतःला शिव्या घालायच्या नाहीत. श्वास जिथे असेल तिथून धरायचा. मला एवढंच येतं."

टीचर तोंड उघडणार होत्या, पण मागून कुणीतरी पसंतीचं "साधू" म्हणालं आणि त्या बसल्या.

बाहेर वाळू तापलेली, पोटात भात, आणि झोपायची चक्क परवानगी. पहिल्यांदा टीचरच घोरल्या. मग एकेक करून सगळी चटई आडवी होत गेली. पुढे काय झालं हे मला सांगता येत नाही, आणि हे असं माझ्याबाबतीत सहसा होत नाही.

संध्याकाळी दिवसभराची आठ शीलं सोडून आम्ही गूळ तोंडात ठेवून कोरा चहा पीत होतो. टीचर कुणाच्या नजरेला नजर देत नव्हत्या. मी यसावतीजवळ सरकले.

"जागी होतीस?"

"मध्ये मध्ये."

"श्वास दिसला का?"

तिने चहाचा घोट घेतला. डोळ्याखालची काळी वर्तुळं होती तशीच होती. "आत आलेला दिसला," ती म्हणाली. "बाहेर जाताना तुझं घोरणं आलं मध्ये."

"मग आता येणं बंद?"

"पुढच्या पोयाला तू जरा लांब बस, अक्के."