अर्धं राहिलेलं वाक्य

नलूताईंच्या पडवीत एका वेळी तीन माणसं बोलायला बसली तरी कोणी खोळंबत नसे. शेजारणीला कुळथाच्या पिठीचं सांगता सांगता त्या माझ्याकडे वळत, मध्येच फोनवरच्या भाच्याला दटावत, आणि पुन्हा शेजारणीचं अर्धं राहिलेलं वाक्य नेमक्या त्याच शब्दापासून उचलत. ‘खंय होतंव आमी?’ असं विचारायची पाळी त्यांच्यावर कधी आली नाही. सुरुवातीला मला हे विचित्र वाटे. पुढे मीही माझी पाळी येईपर्यंत मुकाट चहा पिऊ लागलो.

ही सवय मुंबईतली. तरुणपणी त्या एका कचेरीत खोलीभर पसरलेल्या संगणकावर ऑपरेटर होत्या. भोकं पाडलेल्या कार्डांचे गठ्ठे हातानं भरायचे, एक काम संपलं की दुसरं लावायचं. पुढे हे लावण्याचं काम संगणकातल्याच एका प्रोग्रॅमकडे गेलं. नोकरी जाईल म्हणून रडत बसण्याऐवजी ताई तसे प्रोग्रॅम लिहायला शिकल्या. निवृत्त होऊन वालावलला परतल्यावर कुडाळच्या आमच्या कॉलेजात अधूनमधून शिकवायला येत. “मशीन रिकामी बसाक नको,” हे त्यांचं ब्रीद. ताई ते माणसांनाही लावत, म्हणून आम्ही शिक्षक जरा बिचकूनच असू.

मग त्यांना घशाचा कॅन्सर निघाला. स्वरयंत्र काढावं लागणार होतं. त्याआधी त्यांना एक तास हवा होता, ऑपरेटिंग सिस्टीम, म्हणजे कामं लावून देणारा तो प्रोग्रॅम, कशी घडत गेली ते सांगायला. मी म्हटलं, “ताई, हे अभ्यासक्रमात नाही. आधी ऑपरेशन होऊ दे.”

“मगे आवाज खंय गावतलो रे? पोरां मोबाईल उघडतत, तो आपसूक चलता म्हणान समजतत. आपसूक काय एक चलना नाय. ह्या माका माझ्या तोंडान सांगूचा आसा.”

तास झाला. सायली नावाच्या मुलीला त्यांनी मशीन केलं. बाकीची मुलं चिठ्ठीवर गणितं घेऊन एकेक करून येत, चाचपडत, आणि सायली जांभया देई. मग ताईंनी सारख्या चिठ्ठ्या एकत्र केल्या. “गिरणीत गहू दळताना मधीच मिरची घालतत?” पुढची चिठ्ठी देण्यासाठी एकाला टेबलापाशी कायमचं बसवलं. एक गणित ग्रंथालयातून आणायच्या आकड्यासाठी अडलं, तेवढ्यात सायलीच्या हातात दुसरं दिलं. शेवटी त्यांनी घंटा घेतली.

“घंटा वाजली की हातातला काम थांबवूचा. पाळी इली की थंयसूनच धरूचा. हरेकाक वाटता मशीन माझ्या एकट्याची, कित्याक तर...”

तिथे आवाज गेला. पाणी प्यायल्या, पुन्हा तोंड उघडलं, काही उमटेना. वाक्य पुरं करायला मी पुढे झालो, तर हात वर करून त्यांनी मला थांबवलं. त्यांच्या डोळ्यांत निव्वळ हट्ट होता.

ऑपरेशन झालं. पाऊस सरल्यावर एके सकाळी गळ्याला रुमाल बांधून ताई एसटीतून उतरल्या आणि थेट वर्गात आल्या. कुणी हालहवाल विचारण्याआधीच त्यांनी घंटा वाजवली, खडू उचलला आणि फळ्यावर लिहिलं:

‘ती कोणाकच विसरना नाय.’

मग सायली उभी राहिली आणि तिनं ते अख्खं वाक्य मोठ्यानं म्हटलं, ‘हरेकाक वाटता’पासून. ताईंनी मान डोलावली आणि पुढच्या कामाची घंटा वाजवली.