न आलेल्या गाडीचं वजन

सुलभाताई रिक्षात बसल्या की त्यांचे पाय गाडी चालवू लागायचे. समोर बस आडवी आली की उजवा पाय रिक्षाच्या पत्र्यावर करकचून दाबला जायचा, आणि रिक्षावाला गिअर बदलायच्या आधीच डावा पाय क्लच दाबून मोकळा झालेला असायचा. मी बदली होऊन सुरतला आले तेव्हा बँकेतून आम्ही दोघी एकाच रिक्षाने अडाजणला परतायचो. सुरुवातीला मला वाटलं, बाईंना पायाचा काही त्रास असावा. शेवटी एकदा विचारलंच.

"त्रास मला कसला? इंजिनाला विचार," त्या म्हणाल्या. "हा बाबा मघापासून दुसऱ्या गिअरवर ओढतोय. रडतंय ते. तुला ऐकू येत नाही?"

मला ऐकू येत नव्हतं. मी नाशिकची, वडील शाळामास्तर, घरात सायकलीपलीकडे वाहन नाही. सुलभाताईंच्या वडिलांची मात्र अमळनेरला प्रवासी जीप होती. कापसाचा हंगाम संपला की जिनिंगचं आवार रिकामं पडायचं, तिथे त्यांनी लेकीला गाडी शिकवली. अठरा पूर्ण झाल्याबरोबर लायसन्स काढून दिलं. जीपमध्ये माणसं कोंबली की सपाट रस्त्यावर काही जाणवत नाही, पण वळण आलं की ती एकेका माणसाचं वजन दाखवते, हे त्यांना तेव्हाच कळलं होतं. पुढे त्यांचं एक वाक्यच झालं. कुणी कसलीही बढाई मारली, गाडीची असो, जावयाची असो नाहीतर नव्या मॅनेजरची, त्या म्हणायच्या, "सरळ रस्त्यावर कुणीही पळतं. वळणावर बोला."

आमची शाखा रिंग रोडवर, कापड मार्केटच्या तोंडाशी. ताई कर्जविभागात अधिकारी. गुजराती मंडळींच्या त्या सुलभाबेन. दुपारी डबे उघडले की इतर टेबलांवर साड्या, शेअर, मुलांचे क्लासेस चालायचे. आमच्या टेबलावर एका इटालियन कंपनीची गाडी चालायची, जी अजून बाजारात आलीच नव्हती. अर्धी पेट्रोलवर, अर्धी बॅटरीवर धावणारी सुपरकार. काळंपांढरं नक्षीकाम चिकटवून ओळख लपवलेले तिचे चोरटे फोटो इंटरनेटवर फिरत होते, आणि त्या फोटोंवरून सुलभाताई आणि आमचे हेड कॅशियर किरीटभाई वर्षभर भांडले.

किरीटभाई ताकदवाले. "बेन, पावर जुओ ने, पावर!" असं म्हणत ते फाफड्याचा तुकडा ताईंच्या नाकासमोर नाचवायचे. इंजिन छोटं केलंय, पण टर्बो आहेत, वर तीन मोटर. थांबलेली गाडी शंभरावर जाईपर्यंत तुमचा घास तोंडातच राहील.

"राहू दे घास," ताई कळण्याच्या भाकरीला ठेचा लावत म्हणायच्या. "मला वजन सांगा. बॅटरीचं वजन, मोटरींचं वजन, त्या गार ठेवायला लागणाऱ्या पाण्याचं वजन. इंजिन छोटं करून जे वाचवलं ते दुसऱ्या दाराने आत आलं. कंपनीच्या आधीच्या गाडीपेक्षा दोन चांगली जेवलेली माणसं तरी जास्त भरतील हिची."

"कार्बन फायबर छे, बेन! हलकी होणार, हलकी."

"माले ठाऊक शे कार्बन फायबर!" चिडल्या की ताईंची अहिराणी बाहेर पडायची. "आणि बघा तुम्ही, कंपनी सांगताना कोरडं वजनच सांगणार. तेल नाही, पाणी नाही, पेट्रोल नाही, आत माणूस नाही. मग ती गाडी आहे की दिवाणखान्यात ठेवायचं शोपीस?"

पुढच्या चाकांच्या मोटरी वळणावर गाडीला आत ओढतील, असा एक मुद्दा किरीटभाईंनी कुठूनसा वाचून आणला होता. ताई तो मुद्दा घरी घेऊन गेल्या. दुसऱ्या दिवशी म्हणाल्या, "ओढतील, ते मान्य. पण टायरला फसवता येत नाही. वजन शेवटी त्यालाच झेलायचंय." गाडी आधीच्या गाडीहून भारी निघते की हलकी, यावर पैज लागली; हरणाऱ्याने सगळ्या शाखेला लोचो, म्हणजे सुरतेचा तो डाळीचा मऊ वाफवलेला नाश्ता, खाऊ घालायचा. ताईंचा चेहरा त्या अर्ध्या तासात इतका उजळलेला असायचा की मी उघडा डबा समोर ठेवून नुसती बघत बसायची.

ही बाई घरची गाडी चालवत नव्हती.

चालवत नव्हती म्हणजे तिला चालवू देत नव्हते. गाडी ताईंच्या नावावर, बँकेच्या स्टाफ लोनमधून घेतलेली. पहिलीही तशीच, दुसरीही तशीच. दोन्ही वेळा बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक ताईंनी काढलं, चाकाखाली लिंबं ताईंनी ठेवली आणि मग त्या बाजूला झाल्या. स्टिअरिंगवर भास्करराव, त्यांचे यजमान. शेजारी सासूबाई. ताई मागे.

भास्करराव दुष्ट असते तर मला हे लिहायला सोपं गेलं असतं. विमा कंपनीतला हसतमुख माणूस. आवाज कधी चढवला नाही, बायकोच्या पगाराकडे कधी वाकड्या नजरेने पाहिलं नाही. ताईंनी किल्ली मागितली की ते मायेने म्हणायचे, "तुला कशाला दगदग? मी आहे ना." पावसाळ्यात पाणी साचलेलं असायचं. नवरात्रात गर्दी. उत्तरायणाला रस्त्यावर पतंगाचा मांजा. लग्नसराईत वराती, आणि अलीकडे मेट्रोचं खोदकाम. ताईंनी गाडी चालवावी असा महिनाच या शहराच्या वर्षात नव्हता. या माणसाच्या काळजीने बायकोला जितकं जखडलं, तितकं एखाद्याच्या मारानेही जखडलं नसतं, असं माझं मत आहे आणि ते मी बदलणार नाही.

एकदाच त्यांना गाडी मिळाली. धुळ्याला लग्नाला जाताना नवापूरच्या आसपास भास्कररावांचं पोट बिघडलं. ताईंनी स्टिअरिंग घेतलं. घाटवळणं, उसाचे ट्रॅक्टर, सगळं काढलं. भास्करराव मागच्या सीटवर चक्क घोरत होते. धुळं जवळ आलं तसे ते जागे झाले, एका ढाब्यापाशी गाडी थांबवायला लावली आणि म्हणाले, "आता दे. दारात सगळे उभे असतील, बरं दिसणार नाही." पुढे लग्नाच्या पंगतीत त्यांनी गोष्ट सांगितली ती अशी की, हिने आज आम्हाला देवाघरीच पोचवलं होतं, ट्रॅक्टर वीतभर राहिला. सगळे हसले. हे मला सांगताना ताईही हसल्या होत्या. मला मात्र तो ट्रॅक्टर त्या पंगतीतच घुसायला हवा होता असं वाटलं.

मग हसमुखभाईंच्या नव्या गाडीची पूजा आली. हसमुखभाई आमचे मोठे खातेदार, कापडाचे व्यापारी. त्यांनी डुमसकडच्या बंगल्यात एक पिवळी, जमिनीला टेकलेली परदेशी स्पोर्ट्स कार आणली आणि रविवारी सकाळी शाखेला सहकुटुंब बोलावलं. ताईंनी त्या दिवशी ठेवणीतली पैठणी नेसली होती. गाडीभोवती त्या दोनदा फिरल्या, खाली वाकून टायरची रुंदी पाहिली, हसमुखभाईंच्या ड्रायव्हरला असे काही प्रश्न विचारले की तो बिचारा "जी मॅडम" यापलीकडे गेला नाही.

नारळ फुटला. चाकांखाली लिंबं ठेवली गेली. किरीटभाईंनी हसमुखभाईंना ताईंचं गाडीवेड आधीच रंगवून सांगितलं असावं, कारण ते किल्ली घेऊन सरळ त्यांच्याकडेच आले.

"सुलभाबेन, आजे तो तमे ज चलावो! लिंबू तुमच्या हातून फुटू द्या. शुभ."

पाच पावलांचं काम होतं. गाडी जरा पुढे घ्यायची, लिंबं चिरडायची, उतरायचं. ताईंनी हात पुढे केला. किल्ली त्यांच्या तळव्यावर पडलेली मी पाहिली. त्यांच्या पर्समध्ये लायसन्स होतं, हे मला माहीत होतं. मुदत संपायच्या आत त्या ते नेमाने नवं करून घेत. आणि त्यांच्या मागून भास्कररावांचा प्रसन्न आवाज आला.

"अरे हसमुखभाई, उसको कहाँ आता है! वो तो खाली बातें करती है."

सगळे हसले. फक्त किरीटभाई हसले नाहीत. सगळ्यांच्या नजरा ताईंकडे वळल्या. एका शब्दाचं काम होतं. जी बाई वर्षभर एका बॅटरीच्या वजनावरून हेड कॅशियरपुढे हटत नव्हती, तिने फक्त म्हणायचं होतं, येतं.

ताईंनी किल्ली हसमुखभाईंच्या हातात परत ठेवली. "सही बात है," त्या म्हणाल्या. "मुझे नहीं आता."

परतताना मी त्यांच्याच गाडीत होते. भास्कररावांनी मला एसी लागतोय का म्हणून दोनदा विचारलं. ताई माझ्या शेजारी मागच्या सीटवर, खिडकीबाहेर बघत. मी रागाने धुमसत होते. सोमवारी डबा उघडायच्या आत मी त्यांना गाठलं. "तुम्ही खोटं का बोललात? सगळ्यांसमोर?"

त्यांनी डबा न उघडताच बाजूला सरकवला. मग म्हणाल्या, "अश्विनी, घरी मला त्यांच्याबरोबर जायचं होतं गं."

त्यानंतर आमच्या टेबलावरची ती गाडी बंद पडली. किरीटभाई बिचारे रोज काहीतरी नवं काढायचे, इंजिनाच्या आवाजाची क्लिप ऐकवायचे, मुद्दाम चुकीचं बोलायचे. ताई "असेल" म्हणायच्या आणि जेवायच्या. मी वादात मुद्दाम ताईंची बाजू घेऊन पाहिली. किरीटभाईंनी मला दोन मिनिटांत गारद केलं आणि स्वतःच खिन्न झाले.

यथावकाश ती गाडी खरोखर आली. ताकद किरीटभाईंच्या कल्पनेपेक्षाही जास्त निघाली. वजन ताई म्हणाल्या होत्या तसंच, जुन्या गाडीहून चांगलंच भारी. आणि कंपनीने जाहीर केलं ते कोरडंच. किरीटभाई दुसऱ्या दिवशी सकाळीच लोचोचे पुडे घेऊन हजर. "बेन, हारी गयो," असं म्हणत त्यांनी सगळ्या शाखेसमोर कान पकडले. ताईंनी कांदा-शेव घालून थोडा लोचो खाल्ला. "गार झालाय जरा," म्हणाल्या आणि कर्जाची फाईल ओढली. किरीटभाईंचा तो पडलेला चेहरा अजून माझ्या डोळ्यांसमोर आहे. त्यांना हरायचं होतं, पण जिंकणारं कुणी तिथे नव्हतंच.

ताई निवृत्त झाल्या. त्यानंतर वर्षाच्या आत भास्करराव हृदयविकाराने गेले. मुलगा बंगळुरूला. गाडी सोसायटीच्या पार्किंगमध्ये कव्हर घालून उभी. मी अधूनमधून जायची. सांगायला लाज वाटत नाही, त्या मृत्यूत मला ताईंसाठी एक फट दिसली होती. दुखवट्याचे दिवस सरल्यावर मीच विषय काढला. ताई, आता तर किल्ली तुमचीच आहे. नाही नाही करत एका रविवारी सकाळी त्या तयार झाल्या.

आम्ही कव्हर काढलं. ताई स्टिअरिंगवर बसल्या, सीट पुढे घेतली, आरसा नीट केला. मी शेजारी. गाडी सुरू झाली, पार्किंगमधून हळूच निघाली आणि मला वाटलं, टाळ्या वाजवाव्यात. फाटकापाशी रस्त्याला लागायचं होतं. डावीकडून एक टेम्पो आला, उजवीकडून दोन मोपेड, मागून सोसायटीतल्याच कुणाची तरी मोटारसायकल हॉर्न वाजवू लागली. ताईंनी क्लच सोडला आणि गाडी धक्का खाऊन बंद पडली. पुन्हा चावी फिरवली, पुन्हा बंद. हॉर्न वाढले. मी त्यांच्या हातावर हात ठेवला.

"ताई, काही घाई नाही. थांबू द्या त्यांना."

"नको." त्या समोर बघत होत्या. "तीस वर्षं ते म्हणायचे, तुला येत नाही. मला मनातून हसू यायचं. मी म्हणायची, म्हण बाबा, माझं मला ठाऊक आहे." त्यांनी चावी काढून घेतली. "आता बघ ना. खरंच येत नाही."

वॉचमन धावत आला. ताई उतरल्या, त्याला किल्ली दिली. त्याने एका झटक्यात गाडी मागे घेऊन जागेवर लावली, किल्ली परत आणून दिली आणि अगदी आपुलकीने म्हणाला, "माँजी, नहीं आता तो ड्राइवर रख लो ना."

"हो बाबा," ताई म्हणाल्या. "तसंच करते."

वर घरी आलो. त्यांनी चहा टाकला, मला बिस्किटं काढून दिली, नातवाच्या शाळेचं काहीबाही सांगू लागल्या. मला एक अक्षर ऐकू येत नव्हतं. कुणाला तरी धरून हलवावं, ओरडावं, जाब विचारावा असा संताप डोक्यात घुमत होता. आणि ज्याला विचारायचा तो समोरच्या भिंतीवर, चंदनाचा हार घालून, प्रसन्न हसत होता.