खारूताईशेजारचा लाल ठिपका

बायकोचं यश पाहून मला मनापासून आनंद होतो, असं मी गेली बावीस वर्षं सगळ्यांना खोटं सांगत आलो आहे.

नॉटिंगहॅममधल्या हौशी चित्रकारांच्या एका ग्रुपमध्ये मेधा जायला लागली. घरी येऊन रोज स्वतःचं कौतुक सांगायची. ते ऐकवेना, म्हणून मीही ग्रुपमध्ये घुसलो. (वर "तेवढाच एकत्र वेळ!" असं म्हणालो. देव मला क्षमा करो!)

मग प्रदर्शन ठरलं. प्रत्येकाने पोस्टकार्डाएवढी तीन चित्रं द्यायची. चित्र विकलं गेलं की शेजारी लाल ठिपक्याचा स्टिकर लावायचा.

शनिवारी दुपारपर्यंत मेधाच्या दोन चित्रांना ठिपके लागले. माझ्या खारूताईच्या चित्रापुढे एक आजोबा थांबले खरे, पण बुटाची नाडी बांधायला!

"तुझं एकही नाही का रे अजून?" मेधाने विचारलं. अगदी प्रेमाने विचारलं. तेच जास्त झोंबलं.

आणि मी पाप केलं. मेधाची पर्स माझ्याकडे होती. (ती गिऱ्हाइकांशी बोलत होती ना!) पर्समध्ये टिकल्यांचं पाकीट होतं. इकडेतिकडे पाहिलं आणि एक लाल टिकली खारूताईशेजारी चिकटवून दिली.

पाचच मिनिटांत एक बाई आल्या. "ओह नो! ही खार गेली? मला हीच हवी होती!" म्हणत हळहळत बाहेर पडल्या.

माझं पहिलंवहिलं गिऱ्हाईक मीच हाकललं!

तेवढ्यात मेधा आली. ठिपका पाहून तिचा चेहरा उजळला. जवळ जाऊन तिने तो बोटाने चाचपला.

"अजित, हे इंग्रज मखमली टिकल्या कधीपासून लावायला लागले?"

मी सगळं भडाभडा कबूल केलं.

"मग इथे काय उभा आहेस? जा, खरं सांग त्यांना!"

ट्रामच्या स्टॉपवर बाईंना गाठलं. "मॅडम, खार विकलेली नाही! चित्र माझंच आहे. ठिपकाही मीच लावला. बायकोवर जळून! खार तुमचीच!"

बाईंनी माझ्याकडे करुणेने पाहिलं. "असं होय? मग राहू दे. कुणीतरी आधीच नेली, म्हणून तर मला हवीशी वाटली."

ट्राम आली, बाई गेल्या. या देशात हुबेहूब माझ्या स्वभावाचं माणूस मला पहिल्यांदाच भेटलं, आणि त्यालाही माझं चित्र नको होतं!